आपलं पाणी : पंचवीस वर्षांचा जमाखर्च

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असं समितीने सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या कपाटातून इतिवृत्ताची जुनी रजिस्टरं काढली. दोन दिवस घरी बसून वाचली. गणपतीची वर्गणी, पार्किंगची भांडणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे सगळं त्यात आहेच. पण पंचवीस वर्षांतली एकही वार्षिक सभा अशी नाही की जिच्यात पाण्याचा विषय निघाला नाही. पहिल्या सभेतला पहिला ठरावसुद्धा बोअरवेलचाच. म्हणून ठरवलं, लिहायचा तर पाण्याचाच इतिहास लिहू. चेअरमन कोण कधी होते त्याची यादी मागच्या पानावर छापली आहेच.

मी इथे आलो २००१ मध्ये. बँकांमध्ये व्हीआरएस आली, ती घेतली, मुंबईची खोली विकली आणि इंदुरीला फ्लॅट घेतला. बिल्डरच्या रंगीत कागदावर ‘इंद्रायणीकाठी निवांत घर, २४ तास पाणी’ असं छापलेलं होतं. त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या गढीवर गेलो, कडजाईचं दर्शन घेतलं आणि बुरुजावरून नदी पाहिली, तेव्हा पावसाळा होता. पाणी तांबूस, काठाला लागलेलं. माझी सौ. म्हणाली, “इथे पाण्याला काय तोटा!” मलाही तेच वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये तीच नदी पाहिली, तर खडकातल्या डोहांमध्ये पाणी उरलं होतं आणि मधून मुलं चालत पलीकडे जात होती.

त्यानंतरची हकीगत बहुतेक सभासदांना माहीत आहे. पहिली बोअर दोनशे फूट. २००९ मध्ये दुसरी, साडेतीनशे फूट. २०१३ मध्ये तिसरी, कंपाउंडच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून. प्रत्येक वेळी नारळ फोडला, पेढे वाटले आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा टँकर बोलावला. खजिनदार म्हणून टँकरची बिलं मीच पास करत होतो, त्यामुळे हा आकडा माझ्या फार जिव्हाळ्याचा.

२०१६ चा उन्हाळा आठवा. सगळ्या महाराष्ट्रात दुष्काळ होता. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच महिन्यात आपली विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय : पाणीबचत आणि पाण्याची मीटर. मी मोठ्या तयारीने गेलो होतो. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर बंद करून बादलीने अंघोळ करा, फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवा, गाडी पुसा पण धुऊ नका. पुठ्ठ्यावर रंगीत पेनने लिहून आणलं होतं. शेवटी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणून टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून तात्या उठले. तात्या म्हणजे आपली सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीचे मूळ मालक. त्यांच्या मुलाच्या नावावर ए विंगमध्ये दोन फ्लॅट आहेत, पण तात्या कायम भिंतीपलीकडे शेतातल्या जुन्या घरात राहिले. ते म्हणाले, “सायब, तुमचं समदं बराबर हाय. पर शंभर वर्सं झाली, आमच्या मावळाचं पानी टाटानं घाटाखाली सोडलं. तिकडं धरनंच्या धरनं खाली जात्यात आन् तुमी मला सांगताय चूळ भरताना नळ बंद कर. ह्या बादलीनं काय व्हनार?”

सभेत हशा पिकला. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा टाटांची धरणं म्हणजे लोणावळ्याला जाताना दिसणारं वळवणचं पाणी एवढंच माहीत होतं. सभा मीटरचा निर्णय न होता संपली.

त्या रात्री झोप आली नाही. आयुष्य आकडे जुळवण्यात गेलं, आणि कोणी आकड्यावर आपल्याला गप्प केलं की ते आत टोचत राहतं. पुढचे दोन आठवडे मी वाचनालयात आणि मुलाच्या लॅपटॉपवर घालवले. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस बेसुमार आणि कडा सरळ खाली कोकणात उतरणारा. माथ्यावर पाणी अडवायचं, नळांतून सुमारे सतराशे फूट खाली सोडायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची, अशी जमशेटजी टाटांच्या काळापासूनची कल्पना. १९११ मध्ये वळवणला पायाचा दगड बसला आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही त्याची तळी. १९२२ मध्ये भिवपुरी, त्यासाठी आंद्रेवर ठोकरवाडीचं धरण. मग १९२७ मध्ये भिरा, त्यासाठी मुळशीचं धरण. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून जो सत्याग्रह केला, तो शाळेच्या पुस्तकात आपण वाचला आहे. धरण मात्र झालंच.

आता यातली मेख अशी की वीजकेंद्र पाणी ‘वापरत’ नाही, ते जनित्रातून जसंच्या तसं बाहेर पडतं, असं कोणीही इंजिनिअर सांगेल. ते खरंच आहे. पण हे पाणी बाहेर पडतं ते घाटाखाली. पूर्वेला इंद्रायणीतून भीमेला आणि तिथून पंढरपूरला जायचं ते पाणी पश्चिमेला पाताळगंगेत, उल्हास नदीत आणि कुंडलिकेत जातं. आपल्या खात्यातून ते कायमचं नावे पडतं. तात्यांचं म्हणणं हेच होतं, फक्त त्यांनी बँकेच्या भाषेत सांगितलं नाही.

किती नावे पडतं? कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम आदेशात त्याला मर्यादा घातली : टाटांच्या या प्रकल्पांसाठी भीमा खोऱ्याबाहेर एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी नेता येणार नाही आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. म्हणजे वर्षाला सरासरी ४२.४ टीएमसीपर्यंत मुभा. यात मुळशीचंही पाणी आलं, ते इंद्रायणीचं नसून मुळेचं. तरी अंदाज येण्यासाठी सांगतो, आपलं पवना धरण पूर्ण भरलं तर त्यात साडेआठ टीएमसी उपयोगी साठा असतो. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९.१५.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ४२.४ ला गुणा : वर्षाला १ लाख २० हजार कोटी लिटर. वर्षाच्या सेकंदांनी भागा : दर सेकंदाला ३८ हजार लिटर. (रात्रंदिवस सारखं सोडतात असं नव्हे, ही मुभेवरून काढलेली सरासरी.) आता आपली सोसायटी. ४८ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर हा शहरी प्रमाणाचा आकडा. वर्षाला होतात सुमारे ९४ लाख ६० हजार लिटर. म्हणजे आपल्या तिन्ही विंगची वर्षभराची अंघोळ, स्वयंपाक, धुणंभांडी, सगळं मिळून जेवढं पाणी लागतं तेवढं घाटाखाली जायला चार मिनिटं नऊ सेकंद लागतात. आपण जिवाचा आटापिटा करून चौथा हिस्सा वाचवला, तर ती बचत एका मिनिटाची. लातूरची पहिली पाणीगाडी तर तेरा सेकंदांची.

हा हिशेब मी तीनदा तपासला. आकडा तोच आला. पुठ्ठा मी पलंगाखाली सरकवून ठेवला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या सभेत कोणाला सांगितली नव्हती. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. ज्या विजेवर त्यांचे साचे चालायचे, ती याच पाण्याची. त्यांच्या पगारावर आम्ही चार भावंडं शिकलो, मी पदवीधर झालो, बँकेत लागलो. म्हणजे तात्यांच्या आजोबांच्या नदीचं पाणी उतरलं तेव्हा आमच्या घरात चूल पेटली. आज डोंबिवलीला माझा पुतण्या राहतो, त्याच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं. भिवपुरीच्या जनित्रातून सुटलेलं आंद्रेचं पाणी त्या नदीतच मिसळतं. तेव्हा उद्या कोणी म्हणालं की तोटी बंद करून सगळं पाणी पूर्वेकडे वळवा, तर कल्याण-डोंबिवलीच्या घरांचं काय, हाही प्रश्न आहे. मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या गिरण्यांसाठी हा निर्णय झाला त्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि पाणी जातंच आहे. तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता ४४७ मेगावॅट. शंभर वर्षांपूर्वी ती फार मोठी होती, आज राज्याच्या गरजेपुढे तशी राहिलेली नाही. बँकेत जुन्या कर्जाची कागदपत्रं ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावी लागतात. याची का तपासू नयेत?

पाण्याचं हे वरून खाली ओढणं इथेच थांबत नाही. ९ ऑगस्ट २०११ हा दिवस मावळात कोणी विसरलेलं नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर आले, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. शहराचं म्हणणं होतं की नदीतून पाणी नेलं तर वाटेत गळती आणि घाण, बंद नळातून नेलं तर वाचेल. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की शहर ज्याला गळती म्हणतं त्यावरच आमच्या काठच्या विहिरी भरतात. माझी मुलगी निगडीला राहते. त्यांच्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं. ती म्हणते शहराचं बरोबर, तात्या म्हणायचे शेतकऱ्याचं बरोबर. मी दोघांच्याही घरी चहा प्यायलेला माणूस.

आणि कारखाने? तळेगाव आणि चाकणची एमआयडीसी आपल्या दोन्ही बाजूंना आहे. आपल्यातले निम्मे सभासद तिथेच नोकरीला जातात, त्यामुळे त्यांना शिव्या देताना आवाज आपोआप खाली येतो. एवढंच नोंदवतो की २००३ च्या राज्य जलनीतीत पाणीवाटपात पिण्यानंतर दुसरा क्रम उद्योगांना दिला होता, शेती तिसरी. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसरी केली. कागदावरचा एक क्रम बदलला की केवढं पाणी इकडचं तिकडे होऊ शकतं, ते वरचा हिशेब पाहिला की कळतं. आपल्या चूळ भरण्याने तेवढं कधीच होणार नाही.

असा सगळा अभ्यास करून, कागद घेऊन, मे महिन्यात मी तात्यांकडे गेलो. हरलो हे कबूल करायलाच गेलो होतो. ओसरीवर बसून त्यांना चार मिनिटं नऊ सेकंदांचा हिशेब वाचून दाखवला. तात्या हसले. म्हणाले, “सायब, हिशोब ब्येस केला. चला, तुमाला एक दावतो.”

घरामागे त्यांची विहीर आहे, आपल्या पूर्वेच्या भिंतीपासून शंभरेक पावलांवर. दगडी बांधणीची, चाळीस फूट खोल, आत उतरायला पायऱ्या. त्यांनी वाकून बोट दाखवलं. अर्ध्या उंचीवर दगडांवर पांढरी रेघ होती, तिथपर्यंत पूर्वी मे महिन्यातही पाणी असायचं. खाली तळाचा काळा खडक उघडा पडला होता. मोटरचा फूटवॉल्व्ह नुसताच लोंबत होता. मी म्हटलं, दुष्काळाचं साल आहे. ते म्हणाले, “हाय ना. पर ह्ये तुमची तिसरी बोर पडली त्या सालापासनं हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “टाटाचं धरान मला हितनं दिसत न्हाई सायब. तुमची मोटर मातर रातच्याला ऐकू येती.”

सभेत त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मुलाचे दोन फ्लॅट त्याच सोसायटीत आहेत.

आपल्या भागात जमिनीखाली काळा पाषाण. वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात काय पाणी मुरेल तेवढंच. आड-विहिरी त्या वरच्या थरातून भरतात. जवळच खोल बोअर मारली, तिचा वरचा भाग नीट केसिंगने बंद केला नाही आणि रात्रंदिवस उपसली, की वरचं पाणी तिच्या भोकातून खाली उतरतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की ज्याला मी आणि तात्या मिळून घाटावर शोधत होतो, तो या विहिरीपुरता आमच्या भिंतीपलीकडेच होता, आणि त्याच्या टँकर-बोअरच्या बिलांवर माझी सही होती.

व्यवस्थापक समितीत मी विषय काढला. काहींना वाटलं मला ऊन लागलं असावं. शेवटी तोडगा निघाला : तिसरी बोअर चार दिवस बंद ठेवून बघायची, तेवढे दिवस टँकर. जिना चढता-उतरता मला जे ऐकावं लागलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सेक्रेटरी, मी आणि तात्या विहिरीत उतरलो. तळाच्या खडकावर दीड हात पाणी जमलं होतं.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेचा ठराव रजिस्टरमध्ये आहे : दरवर्षी फेब्रुवारी ते जून तिसरी बोअर बंद. त्या बोअरचं पाणी रोज साधारण सात हजार लिटर यायचं, म्हणजे माणशी ३६ लिटर. तेवढं कमी वापरायचं किंवा टँकरला पैसे मोजायचे. आता बचतीला एक नेमका आकडा मिळाला, आणि समोर एक नेमकी विहीर. पलंगाखालचा पुठ्ठा मी बाहेर काढला खरा, पण लावला नाही.

घरोघरी मीटर बसवता आली नाहीत, कारण आपल्या जुन्या प्लंबिंगमध्ये एका फ्लॅटला तीन-तीन ठिकाणी पाणी येतं. मग विंगला एक अशी तीन मीटर बसवली आणि जिन्याखाली फळ्यावर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात जे दिसलं त्याने माझ्या पुठ्ठ्याची अब्रू गेली. सी विंगची गच्चीवरची टाकी रोज पहाटे भरून वाहत होती, कारण बॉल कॉक कधीचा खराब झाला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप मागच्या बाजूला असल्याने कोणी पाहत नव्हतं. बी विंगमध्ये पाच घरांचे फ्लश रात्रभर गळत होते. सात हजारांपैकी जवळजवळ तीन हजार लिटर इथेच सापडले, कोणाचीही सवय न बदलता. आरओच्या मशीनमधून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं, ते फरशी पुसायला बादलीत घ्यायला लागलो. उरलेलं बादलीच्या अंघोळीतून, फ्लशमधल्या बाटल्यांतून आणि गाड्या पुसण्यातून आलं. दात घासताना नळ बंद ठेवण्याचा वाटा त्यात किती, ते मला वेगळं काढता आलं नाही. बी विंगमधल्या एक वहिनी फळ्यावर आपल्या विंगचा आकडा सर्वांत मोठा दिसला की खडूने खाली लिहायच्या, ‘पाहुणे होते’.

दोन उन्हाळे लागले, पण सात हजार पूर्ण झाले. २०१९ च्या मे महिन्यात टँकर आले ते मोजून चार.

माझ्या शाखेत एक पिग्मी एजंट होता. भाजीवाल्या, रिक्षावाले यांच्याकडून रोज दहा-वीस रुपये गोळा करायचा. त्याच शाखेत एक मोठं कॅश क्रेडिट खातं बुडालं. वर्षभराची सगळी पिग्मी मिळून त्या एका खात्याचं व्याजसुद्धा भरून निघालं नसतं. म्हणून काय पिग्मी बंद करायची? भाजीवालीच्या मुलीचं लग्न पिग्मीतूनच झालं. आणि भाजीवालीने पिग्मी भरली म्हणून त्या बुडव्याला कोणी सोडलंही नाही, त्याच्यावर दावा लावला. दोन्ही खाती वेगळी, दोन्हीचा ताळेबंद वेगळा मांडायचा. नदी वाचवण्यासाठी नळ बंद करा असं मी आता कोणाला सांगत नाही, कारण ते खोटं आहे. नदीला पाणी हवं असेल तर धरणाच्या दारांकडे आणि करारांकडे पाहावं लागेल. वारीच्या वेळी वडिवळे धरणातून इंद्रायणीत पाणी सोडतात तेव्हा देहू-आळंदीला काय फरक पडतो ते पाहा. पण आपण वापरलेल्या पाण्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन नाल्याने त्याच नदीला जातो, हे खातं मात्र आपल्याच नावावर आहे, आणि त्याबाबत आपल्या सोसायटीने अजून काहीही केलेलं नाही. इतिवृत्तात तीन वेळा विषय आला आहे, तिन्ही वेळा ‘पुढील सभेत चर्चा’.

तात्या २०२१ मध्ये गेले. २०१७ पासून दर १ मेला झेंडावंदन झालं की मी त्यांच्या विहिरीवर जातो. हाताहातावर गाठी मारलेली एक दोरी आहे, तिला दगड बांधून खाली सोडायची आणि ओल्या गाठी मोजायच्या. पूर्वी दोरी तात्या धरायचे, आता त्यांचा मुलगा धरतो. वही माझ्याकडे. २०१७ : अडीच हात. २०१९ : तीन. मधल्या दोन वर्षी टाळेबंदी, नोंद नाही. २०२३ : सहा. यंदा सात हात पाणी निघालं. पांढऱ्या रेघेला अजून बरंच कमी आहे. माझे गुडघे आता तेवढ्या पायऱ्या उतरू देत नाहीत, वरूनच बघतो. पुढच्या वर्षीपासून वही ए विंगमधल्या एका नववीतल्या मुलीकडे दिली आहे. तात्यांची नात.